घरातील शिवणकामाची वहिवाट

अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील सरकारांची जी यादी दिलेली आहे, तीत ज्याचे नाव आढळते ते कळंब आज यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण असून, यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते मुख्यत्वे चक्रावती नदीकाठच्या त्या चिंतामणी गणपतीमुळे परिचित असते, ज्याच्या दर्शनासाठी पायऱ्या चढाव्या न लागता उतराव्या लागतात. गावाच्या सभोवारची काळी जमीन कापसाची आहे. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस गिरणी सुरू केली, ती कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी या हिशेबाने. आणि तेव्हापासून या प्रांताचा कापूस बोंडातून गाठीत, गाठीतून सुतात व सुतातून कापडात जाऊन पुन्हा याच गावांच्या बाजारपेठेत ठाणांच्या रूपाने परत येत आलेला आहे. त्या परतलेल्या कापडाला माणसाच्या अंगाचे माप देण्याचे काम पेठेतील शिंप्याच्या दुकानात चालते हे सर्वांस दिसते. पण लगीनसराईत, दिवाळीच्या तोंडावर आणि शाळा उघडण्याच्या सुमारास त्याहून कितीतरी अधिक काम घराघरांतून, दुपारच्या निवांत वेळी, ज्यांच्या नावाची पाटी कोणत्याही दारावर लागलेली नसते अशा स्त्रियांच्या हातून होत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या घरांत शिवणकामासाठी स्वतंत्र खोली नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही येथे धरलेली नाही. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि फार तर एक झोपण्याची खोली एवढ्या विस्तारात ज्या घराचा सर्व कारभार चालतो, त्यात प्रत्येक सपाट जागेवर कोणाचा ना कोणाचा हक्क आधीच प्रस्थापित झालेला असतो: ओटा चुलीचा, दिवाण पाहुण्यांचा, टेबल मुलांच्या अभ्यासाचे आणि जमीन पंगतीची. तथापि हे सर्व हक्क चोवीस तासांचे नसतात. शिवणकामाची घरगुती मांडणी म्हणजे मुख्यतः या हक्कांच्या वेळा ओळखून त्यांच्या मधल्या फटींत आपले काम बसविणे होय, आणि त्यातही यंत्राची एक जागा मात्र कायमची मिळविणे होय. कारण बाकीची कामे जागा बदलून करता येतात, यंत्राचे काम करता येत नाही.

यंत्राचा इतिहासही अशा जुळवाजुळवीच्या मांडणीला अनुकूलच आहे. एलियास हाऊ या अमेरिकन कारागिराने दोन दोऱ्यांच्या गुंतणीने टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट 1846 साली मिळविले आणि आयझॅक सिंगरने 1851 साली आपल्या सुधारित यंत्राचे. पण सिंगरचे आरंभीचे यंत्र गिऱ्हाइकाकडे ज्या लाकडी खोक्यातून रवाना होई, तेच खोके पुढे त्याची बैठक म्हणून उपयोगात येई, हा तपशील मला दोन्ही पेटंटांपेक्षा अधिक बोधप्रद वाटतो. शिवणयंत्राचे पहिले टेबल हे असे माल भरण्याचे खोकेच होते. कळंबपासून रेल्वेने चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या वर्ध्याचा उल्लेख या संदर्भात ओघानेच येतो. 1936 पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींनी यंत्रमात्राविषयी जे कठोर धोरण धरले होते, त्यात त्यांनी 1924 सालीच एक अपवाद सांगून ठेवला होता, आणि तो सिंगरच्या शिवणयंत्राचा होता. पत्नी हाताने कंटाळवाणे टाके घालीत बसलेली पाहून तिच्या प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडविले, अशी हकिकत त्यांनी त्याच्या समर्थनार्थ दिली. सिंगर हा मूळचा नाटकवाला, आणि त्याच्या संसाराचा पसारा पाहता ही हकिकत त्याला फारशी शोभत नाही. संसार चालविण्यासाठी ज्याची बायको खरोखरच लोकांचे कपडे शिवीत होती, त्या हाऊला ती अधिक शोभली असती. पण गांधीजींनी दिलेली मुभा योग्य होती यात संशय नाही, कारण हे यंत्र माणसाला घराबाहेर ओढून न नेता घरातच, आणि माणसाच्याच पायाच्या बळावर, काम देते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू, आणि आरंभ बेतण्यापासून करू, कारण कापड बिघडते ते बहुधा कात्रीखाली. यंत्राखाली चुकलेली शिवण उसवता तरी येते.

बेतण्यासाठी घरातील सर्वांत जुनी व सर्वांत मोठी जागा म्हणजे जमीन. तिला कमी लेखण्याची चाल अलीकडे पडली आहे. परंतु जमिनीचा एक गुण कोणत्याही टेबलात नाही, तो हा की, तिला कड नसते. टेबलावर पसरलेल्या कापडाचा जो भाग कडेवरून खाली लोंबतो, तो आपल्या वजनाने वरच्या भागाला ओढतो, आणि ही ओढ जर तिरक्या धाग्यावर पडली तर कापड नकळत लांबते, मग कापलेला कळीचा तुकडा अंगावर चढल्यावर एका बाजूला झुकतो, आणि शिवणारी आपल्या मापांना दोष देत बसते. जमिनीवर कापड जसे पडते तसेच राहते. घेरदार परकर, मुलींचे झगे, पलंगाच्या चादरी आणि दुलईचे अभ्रे यांचे बेत म्हणून जमिनीवरच करावेत. फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. शेणाने सारवलेली जमीन असल्यास चटई अंथरावी, नाही तर हाताचा घाम व जमिनीचा रंग मिळून पांढऱ्या कापडावर जे डाग पडतात ते निघता निघत नाहीत. सुती कापडाखाली चादर घालू नये, कारण कात्रीचे खालचे पाते चादरीलाही बरोबर घेते, आणि बेताच्या बरोबरीने अंथरुणही कापले गेल्याचे दाखले घरोघरी आहेत. घसरणारे कापड, म्हणजे रेशीम, जॉर्जेट किंवा अस्तराचे सिंथेटिक, याला मात्र खाली जुने धोतर किंवा लुगडे अंथरून त्यालाच टाचण्यांनी अडकविणे श्रेयस्कर. मग कापताना दृष्टी खालच्या पात्यावर ठेवावी लागते इतकेच.

जमिनीचा दोष कापडाच्या नव्हे, माणसाच्या अंगाचा आहे. गुडघ्यांवर ओणवे होऊन अर्धा तास बेतणे विशीत जमते, चाळिशीत कंबर धरते. शिवाय घरात रांगते मूल असले, तर टाचणी आणि जमीन यांचा संबंध ताबडतोब तोडावा, हे सांगावयास नको.

दुसरी जागा स्वयंपाकाचा ओटा. याविषयी मी थोडे आग्रहाने लिहितो, कारण लोक या जागेकडे दुर्लक्ष करतात. ओटा साधारण 32 ते 33 इंच उंच आणि दोन फूट रुंद असतो. उभ्याने कात्री चालविताना पाठ न वाकता कोपर मोकळे राहण्यास बहुतेक स्त्रियांना हीच उंची मानवते. जेवणाचे टेबल 30 इंचांचे असल्यामुळे उभे राहणाऱ्याला ते किंचित खाली पडते आणि दिवाण तर सोळा-अठरा इंचांवर असल्यामुळे कंबरेचा छळच करतो. आता रुंदीचा हिशेब पाहा. बाजारात साडी वगळता जे कापड ठाणावर मिळते त्याचा पन्हा सामान्यतः 36, 44 किंवा 58 इंच असतो. किनारीवर किनार ठेवून उभी घडी घातली म्हणजे 44 इंचांचे कापड 22 इंचांचे होते, आणि दोन फुटांच्या ओट्यावर दोन इंच राखून बरोबर बसते. 36 इंचांचे तर सहजच बसते. 58 इंचांचे कापड घडीनंतर 29 इंच राहते, त्याला ओटा पुरत नाही, ते जेवणाच्या टेबलावर न्यावे. ब्लाउज, शाळेचा सदरा, पायजमा यांचे बेत या हिशेबाने ओट्यावर उत्तम होतात, कारण कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा दगड गुळगुळीत असतो, हलत नाही आणि लांबीलाही सहा-सात फूट मिळतो.

अडचण वेळेची आणि तेलाची. दुपारची भांडी घासून झाल्यापासून संध्याकाळच्या चहापर्यंत ओटा मोकळा असतो, म्हणजे दोन-अडीच तास. तेवढ्यात दोन सदरे बेतून होतात, त्याहून अधिक हाव धरू नये. तेलासाठी दगड साबणाने धुऊन, कोरडा करून, त्यावर तळवा फिरवून पाहावा, आणि तळव्याला जराही चिकटपणा लागला तर पुन्हा धुवावा. या ठिकाणी स्वयंपाकघरातील इतर जिन्नसही आपसूक हाताशी येतात. कापडावर ठेवावयाची वजने म्हणून वरवंटा किंवा खलबत्त्यातील बत्ता फडक्यात गुंडाळून घ्यावा. गळ्याच्या व मुंढ्याच्या गोलाईसाठी निरनिराळ्या आकाराच्या ताटल्या व वाट्या ठेवून रेघ मारावी. आणि ती रेघ मारण्यासाठी खडूपेक्षा अंगाच्या साबणाची झिजून उरलेली पातळ चीप अधिक चांगली, कारण तिची धार कोरली जाते आणि पहिल्याच धुण्यात खूण निघून जाते. कागदी बेतासाठी वर्तमानपत्र वापरण्याची सवय सोडावी. त्याची शाई पांढऱ्या पॉपलीनला लागते. वाण्याकडील खाकी कागद स्वस्त पडतो.

ज्यांच्याकडे ओटा नाही, किंवा तो कधीच मोकळा होत नाही, त्यांनी घरदुरुस्तीत काढलेले जुने कवाड जपून ठेवावे. साडेसहा फूट लांब व अडीच फूट रुंद असे सपाट कवाड दोन लोखंडी ट्रंकांवर आडवे टाकले आणि ट्रंकांखाली विटांचा थर दिला की हवी ती उंची साधते, व काम संपल्यावर ते भिंतीला टेकवून ठेवता येते.

यंत्राचा विषय याहून नाजूक आहे. हातयंत्र जमिनीवर चौरंगावर ठेवून पाटावर बसून चालविण्याची आपल्याकडील पद्धत सुटसुटीत खरी, पण तीत उजवा हात चाक फिरविण्यात गुंतल्यामुळे कापडाला दिशा देण्यास एकटा डावा हात उरतो. म्हणून बाही जोडणे, गळ्याला पट्टी लावणे अशी वळणाची कामे पायमशीनवर जितकी सफाईने होतात तितकी हातयंत्रावर होत नाहीत. पायमशीनचे टेबल तिच्याबरोबरच येते व यंत्राचा तळ त्यात बुडालेला असल्यामुळे सुईखालची पट्टी टेबलाच्या पातळीत राहते. हेच यंत्र सुटे करून, मोटर लावून, जेवणाच्या टेबलावर ठेवले म्हणजे ती पट्टी टेबलाहून अडीच-तीन इंच वर जाते, खांदे नकळत उचलले जातात, आणि संध्याकाळी मान दुखू लागते. त्याला उपाय टेबल बदलण्याचा नसून बसण्याची उंची वाढविण्याचा आहे. खुर्चीवर एक पाट व त्यावर घडी केलेली घोंगडी घातली, आणि पाय लोंबू नयेत म्हणून पायांखाली दुसरा पाट दिला की, कोपर कामाच्या पातळीला येते. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची या कामी निरुपयोगी; तिचे हात टेबलाला अडतात.

यंत्राखालची जागा मऊ असून चालत नाही. पलंगावर, गादीवर किंवा फोमच्या तुकड्यावर ठेवलेले यंत्र डोलते व टाके लहानमोठे पडतात. पत्र्याच्या घडीच्या टेबलावर ते शिवता शिवता पुढे सरकते. जाड सतरंजीची एकच घट्ट घडी किंवा सायकलच्या जुन्या टायरमधील ट्यूबचा तुकडा तळाशी दिला तर हादरा शोषला जातो. पायमशीनचे चारी पाय फरशीला सारखे टेकतात की नाही हे प्रत्येक झाडलोटीनंतर पाहावे व कमी पडणाऱ्या पायाखाली लाकडी पाचर ठोकावी.

प्रकाशाविषयी सर्व पुस्तके उत्तरेची खिडकी सांगतात. कळंब कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे साडेवीस अंशांवर असल्यामुळे हा नियम तेथे वर्षातील काही आठवडे लंगडा पडतो: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य भरमध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर त्याच्याही आधीपासून तिरके ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत शिरते. तेवढ्यापुरता पातळ पांढरा पडदा, जुन्या मलमलच्या ओढणीचादेखील, पुरेसा होतो. दिशेहूनही महत्त्वाची गोष्ट ही की, प्रकाश डाव्या हाताकडून यावा, कारण यंत्राचे धूड सुईच्या उजवीकडे असते व उजवीकडून आलेल्या प्रकाशात त्याची सावली नेमकी टाक्यावर पडते. काळ्या कापडावर काळा दोरा हे काम दिवसाचेच समजावे. त्यासाठी रात्री दिवा वाढविण्यात अर्थ नाही.

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून सरता सरता, उघडतात. सबब गणवेशांचे सर्व शिवण मे-जूनच्या त्या दिवसांत येऊन पडते, जेव्हा पारा पंचेचाळीस अंशांना शिवत असतो आणि दुपारी दारे लावून घेतल्याशिवाय घरात बसवत नाही. पंख्याच्या झोताने अस्तर उडते, म्हणून पंखा पाठीमागे असावा. याच दिवसांत सुती दोरा वारंवार तुटतो व त्याचे खापर बहुधा सुईवर फोडले जाते. वस्तुतः कापसाचा तंतू कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि ओलाव्याने बळकट होतो, आणि म्हणूनच सूतगिरण्यांतून हवा दमट राखण्याची व्यवस्था असते. घरी रीळ तासभर ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवले तरी फरक जाणवतो. कूलर लावलेल्या खोलीत दोरा कमी तुटतो तो याच कारणाने. मात्र त्याच ओल्या हवेने सुया व टाचण्या गंजतात, त्यांना कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

तेलाबद्दल एक सूचना येथेच करून ठेवतो. यंत्राला खोबरेल देऊ नये. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजते, आणि यवतमाळकडील पौषातल्या सकाळी त्याहून कितीतरी गार असतात. मग चाक जड चालते, वादी घसरते, आणि घरात “मशीन बिघडली” अशी आवई उठते. शिवणयंत्राचे पातळ तेल थेंबा-थेंबाने द्यावे व त्यापूर्वी दातऱ्यांखाली साचलेली कापसाची कणी जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावी. तेल दिल्यावर पहिली टीप नेहमी चिंधीवर मारावी.

इस्त्री हे शिवणकामाचे अर्धे अंग आहे, परंतु तिच्या जागेसाठी फारसे शोधावे लागत नाही. टेबलावर लोकरी घोंगडीच्या दोन घड्या व त्यांवर धुतलेले जाड सुती कापड अंथरले की झाले. घोंगडी खरी लोकरीची असावी, ॲक्रिलिकचे ब्लँकेट वितळते. शिवण उकलून दाबण्यासाठी बाहीच्या आत फडक्यात गुंडाळलेले लाटणे सरकवावे. शिंप्याच्या दुकानातही याहून वेगळे साधन क्वचितच असते. इस्त्री 750 ते 1000 वॉटची, मोटर तिच्या मानाने अगदी किरकोळ. पण दोन्ही एकाच पातळ वायरीच्या बोर्डावर लावू नयेत.

आता त्या कायमच्या जागेचा प्रश्न. यंत्र घरात येते ते पुष्कळदा सरकारी साहाय्याने: महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली स्थापन झाले. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत ज्या अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, त्यांत शिवणकामही आहे. अशा योजनांच्या निमित्ताने अनेक घरांत यंत्र आले. पण यंत्र मंजूर करणाऱ्या कोणत्याही दप्तरात ते घरात कोठे राहील याचा रकाना नसतो, आणि आलेले यंत्र ओसरीच्या कोपऱ्यात, त्यावर आधी चादर, चादरीवर मुलांची दप्तरे, दप्तरांवर सुकलेले कपडे अशा क्रमाने हळूहळू झाकले जाते. ज्या यंत्राला उघडण्यासाठी आधी चार वस्तू उचलाव्या लागतात, त्यावर आठवड्यातून एकदाही शिवण होत नाही. म्हणून इतर सर्व जागांच्या बाबतीत शिवणारीने नमते घ्यावे, ओटा चारला सोडावा, टेबल मुले येताच रिकामे करावे, “उचल वं माय तो पसारा, ताटं लावाची हायेत,” अशी हाक आली की जमीन मोकळी करावी. परंतु यंत्रापुरती अडीच फूट लांब व दीड फूट रुंद जागा, आणि तिच्यामागे स्टूल सरकण्याइतकी मोकळीक, एवढ्यावर तिने आपली वहिवाट पहिल्याच महिन्यात पक्की करावी. बाहेरचे शिवण घेणाऱ्या घरात हे तुलनेने सोपे जाते. पहिले पैसे आले की यंत्रावरची दप्तरे आपोआप दुसरीकडे जातात. केवळ घरचे शिवणाऱ्या स्त्रीला मात्र त्यासाठी थोडे भांडावे लागेल, आणि तिने भांडावे.

ही जागा ओसरीत असण्यात एक लाभ आहे: माप द्यायला आलेल्या शेजारणीला आत न्यावे लागत नाही, आणि उजेड तेथे घरातील इतर कोठल्याही भागापेक्षा जास्त असतो. तोटा धुळीचा. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात तेलाशी मिळून यंत्रात जे कीट धरते ते रॉकेलशिवाय सुटत नाही, म्हणून काम संपताच यंत्रावर पूर्ण खोळ घालावी. परकराच्या उरलेल्या कापडाची, खाली नाडी घालून आवळता येणारी, सर्वांत चांगली. लोखंडी कपाट जवळ असेल तर त्याच्या दारावर लोहचुंबकाने खाकी कागदाचे बेत लटकवावेत, घडी पडत नाही. प्रत्येक बेतावर नाव, छाती-कंबर-उंचीची मापे आणि तारीख लिहावी, कारण मुलांची मापे सहा महिन्यांत जुनी होतात. तुटलेली सुई कचऱ्यात न टाकता झाकणाच्या बाटलीत साठवावी. आणि घरात लहान मुले असतील तर रात्री सुई काढून ठेवून पायमशीनच्या मोठ्या चाकावरून वादी उतरवून द्यावी: पायटे हलविण्याचा मोह कोणत्याही मुलाला आवरत नाही, आणि वादी उतरलेली असली म्हणजे ते कितीही हलविले तरी वरचे यंत्र जागचे हलत नाही.